'ट्रेडिंग प्लेसेस': तारण नसताना कोण कुणावर भरवसा ठेवतं?

प्रश्न असा आहे: १९८३ चा 'ट्रेडिंग प्लेसेस' हा नाताळातला गाजलेला विनोदी चित्रपट 'श्रीमंत वाईट आणि गरीब चांगले' याच्यापुढे जाऊन पैशाबद्दल आणि माणसांच्या नात्यांबद्दल काही सांगतो का? आणि शेवटी संत्र्याच्या रसाच्या सौद्यात नेमकं होतं काय, जे बघताना भल्याभल्यांना कळत नाही?

माझी नोकरी कमोडिटी (म्हणजे शेतमाल, धातू अशा वस्तूंच्या) दलालांच्या पेढीत, जोखीम विभागात. कुठल्या ग्राहकाचं मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) किती आहे, बाजार उलटला तर किती कमी पडेल, आणि कमी पडलं तर पैसे भरा म्हणून त्याला फोन कुणी करायचा, हे माझं रोजचं काम. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामातूनच देता येईल. पण इतक्या वेळा हा चित्रपट पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हा चित्रपट पैशाच्या विरोधात नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची घटना ही कुणीतरी कुणाला तरी उधार देण्याची किंवा नाकारण्याची घटना आहे. कधी पैशाची उधारी, कधी विश्वासाची. कुणाकडे किती आहे यापेक्षा, समोरच्याकडे तारण ठेवायला काहीच नसताना त्याच्यावर कोण विश्वास टाकतं, यावर तो माणसं तोलतो.

कथा थोडक्यात. फिलाडेल्फियात ड्यूक अँड ड्यूक ही कमोडिटी दलालांची जुनी पेढी. मालक दोन म्हातारे सख्खे भाऊ, रँडॉल्फ आणि मॉर्टिमर. माणूस रक्ताने घडतो की परिस्थितीने, यावर त्यांचा वाद चालतो आणि ते पैज लावतात. पेढीचा कारभार बघणारा, उच्चभ्रू घराण्यातला ल्युइस विनथॉर्प याला सगळं काढून घेऊन रस्त्यावर आणायचं, आणि रस्त्यावर भीक मागणारा कृष्णवर्णीय भामटा बिली रे व्हॅलेंटाइन याला त्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत बसवायचं. ल्युइस झालाय डॅन अॅक्रॉइड, व्हॅलेंटाइन झालाय एडी मर्फी. कथा नाताळच्या आधीच्या आठवड्यांत सुरू होते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत संपते. चित्रपट प्रदर्शित झाला तो मात्र जूनमध्ये. दिग्दर्शक जॉन लँडिस, लेखक टिमोथी हॅरिस आणि हर्शेल वाइनग्रॉड.

सुरुवातीलाच मोझार्टच्या 'द मॅरेज ऑफ फिगारो' या १७८६ च्या ऑपेराचं सुरुवातीचं संगीत वाजतं. पडद्यावर पहाटेची फिलाडेल्फिया दिसते: कामाला निघालेली माणसं, बाजार, फुटपाथवर झोपलेले बेघर, आणि एका श्रीमंत घरात मालकाचा नाश्ता तयार करणारा बटलर कोलमन. त्या ऑपेरात नोकरमाणसं मालकावर मात करतात. इथेही तेच होणार आहे, आणि ज्याला संगीत ओळखीचं आहे त्याला ते पहिल्या मिनिटालाच कळतं. चित्रपटाचा संगीतकार एल्मर बर्नस्टीन; त्याच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

आता ल्युइसचं पडणं बघा. त्याच्यावर क्लबमध्ये चोरीचा आळ येतो, पुढे अमली पदार्थांचा. हे सगळं ड्यूक भावांच्या बीक्स नावाच्या माणसाने रचलेलं असतं. बँकेत खाती गोठवलेली, क्रेडिट कार्डं रद्द. घराचं दार कोलमन उघडतो आणि ओळख दाखवत नाही, कारण त्याला तसा हुकूम आहे. होणारी बायको पेनेलोपी पाठ फिरवते. ज्या मित्रांच्या कोंडाळ्यात उभा राहून टेनिस क्लबवर तो गाणी म्हणायचा, ते मित्र नजर चुकवतात. आळ खरा की खोटा हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

यात दिग्दर्शकाने कुणालाही राक्षस केलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पेनेलोपी, मित्र, बँकेचा साहेब, सगळे आपापल्या जागी सभ्य आहेत. फक्त त्यांचा भरवसा ल्युइसवर कधी नव्हताच. तो होता ड्यूक अँड ड्यूक या नावावर. नाव काढून घेतलं आणि खाली काहीच उरलं नाही. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एखाद्या ग्राहकाला भागात सगळे दबून असतात, आणि त्याचं एक पेमेंट चुकलं की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन उचलायला कुणी तयार नसतं. तोवर जे होतं त्याला तो ओळखीपाळखी समजत होता, पण प्रत्यक्षात ती त्याच्या शिल्लक रकमेची किंमत होती.

गहाणवटीच्या दुकानातला प्रसंग या दृष्टीने बघण्यासारखा आहे. ल्युइसकडे विकण्यासारखं एकच उरलंय, मनगटावरचं घड्याळ. तो दुकानदाराला सांगतो की हे जगातलं सगळ्यात पातळ जलरोधक घड्याळ आहे, एकाच वेळी कितीतरी शहरांतली वेळ दाखवतं, आणि दुकानात त्याची किंमत ६,९५५ डॉलर आहे. दुकानदार (ही भूमिका ब्लूज गायक बो डिडली याने केली आहे) शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, फिलाडेल्फियात याचे पन्नास डॉलर. संपलं. ल्युइसच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पैसे कमी मिळाल्याचं दुःख नाही. आपली किंमत वस्तूच्या आत असते असं तो जन्मभर समजत आला होता, आणि ती बाहेर, समोरच्याच्या गरजेत आणि विक्रेत्याच्या अडचणीत असते, हे त्याला पहिल्यांदा कळतं. वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेला माल देण्या-घेण्याचे करार आजच्या भावाने होतात त्या बाजारात, काम करणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. पण तो डुकराच्या मांसाचे, गव्हाचे भाव बघत होता. स्वतःचा भाव कधी बघावा लागला नव्हता.

आणि मग ओफिलिया येते. जेमी ली कर्टिसने केलेली ही भूमिका वेश्येची आहे. बीक्सकडून पैसे घेऊन ल्युइसला पेनेलोपीसमोर अडचणीत आणायला तीच मदत करते, तेही कशासाठी चाललंय हे माहीत नसताना. नंतर ती ल्युइसचा हात हातात घेऊन बघते. मऊ तळवे, निगा राखलेली नखं. या हातांनी आयुष्यात कधी कष्टाचं काम केलेलं नाही, हे तिला दिसतं. त्यावरून ती ठरवते की हा खोटं बोलत नसावा, खरंच कुणी पैसेवाला असावा. ती त्याला घरी ठेवून घेते, पण रोखठोक अटींवर: तू सावरलास की मला पाच आकडी रक्कम द्यायची, आणि तोवर झोपायचं कोचवर.

तिचा हिशेब ती स्वतःच सांगते. ४२ हजार डॉलर साठवलेत, सरकारी ट्रेझरी बिलांत ठेवलेत, व्याज मिळतंय, आणखी तीन वर्षं काम केलं की निवृत्त होता येईल. संपूर्ण चित्रपटात स्वतःच्या पैशाचं नीट नियोजन केलेली ही एकच व्यक्ती. ड्यूक भाऊ सगळी पेढी एका सौद्यावर लावतात, ल्युइसकडे मालकाच्या पगाराशिवाय काही नाही, व्हॅलेंटाइनकडे कपडेही धड नाहीत. आणि सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक आहे ती हिची. लेखकांनी हे दोन-तीन वाक्यांत उरकलंय, पण पुढचा सगळा शेवट याच पैशावर उभा आहे. म्हणून ही वाक्यं ऐकताना दुर्लक्ष करू नये.

दुसरीकडे व्हॅलेंटाइन. ड्यूक भाऊ त्याला गाडीत घालून घरी आणतात आणि सांगतात, हे सगळं तुझं. तो अजूनही खिशात वस्तू कोंबतोय, कारण स्वतःचं घर म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. मग कचेरीत त्याला धंदा समजावून देतात: कमोडिटी म्हणजे शेतमाल, जसं डुकराच्या पोटाचं मांस, ज्याचा बेकन होतो. ग्राहकाला फायदा होवो की तोटा, आपली दलाली पक्की. व्हॅलेंटाइन ऐकून घेतो आणि म्हणतो, म्हणजे तुम्ही सट्ट्याचे बुकी दिसता. रँडॉल्फ खूश होतो, म्हणतो, बघ, कळलं याला!

त्यानंतरचा प्रसंग माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा गाभा आहे. डुकराच्या मांसाचे भाव सकाळपासून घसरताहेत. पेढीला वाटतंय आता खरेदी करावी. व्हॅलेंटाइन म्हणतो, थांबा. ज्यांनी वरच्या भावाने खरेदी केली आहे ते आत्ता घरी काय विचार करत असतील? नाताळ तोंडावर आलाय, पैसे बुडत चाललेत, मुलाला खेळणं आणता येणार नाही, बायको नाराज होईल. ते घाबरून विकणार. म्हणून अजून खाली येऊ द्या, चौसष्टच्या आसपास घ्या. तसंच होतं. व्हॅलेंटाइनला बाजार कळतो, कारण त्याला पैशाची चणचण असलेला माणूस कळतो. घाबरलेला माणूस किती वाजता, कुठल्या भावाला हात टेकतो, हे तो अनुभवाने जाणतो. बाजार म्हणजे शेवटी माणसांची भीती आणि आशा हे कुणीही सांगेल; पण कुठल्या माणसाची, कुठल्या सणाच्या आधी, घरात कुठलं खेळणं न आल्याने, इतक्या जवळून ते बघणारा जोखीम विभागात मी क्वचितच पाहिलाय. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात छोटे ग्राहक सौदे कापायला लागतात ते ज्यांनी बघितलंय, त्यांना हा प्रसंग किती खरा आहे ते कळेल.

पण चित्रपट व्हॅलेंटाइनलाही सोडत नाही. तो दारू पाजायला बारमधली सगळी मंडळी घरी आणतो. कोणी गालिच्यावर सिगारेट विझवतं, कोणी पेला बशीशिवाय लाकडी टेबलावर ठेवतं, आणि तो चिडून सगळ्यांना बाहेर काढतो. घर मिळून अजून एक दिवस झाला नाही तोच त्याला आपल्या वस्तूंची काळजी माणसांपेक्षा जास्त वाटायला लागली. म्हणजे पैशाने माणूस कोरडा होतो हे फक्त जन्मजात श्रीमंताला लागू नाही. फरक एवढाच की व्हॅलेंटाइन त्यातून बाहेर येतो, आणि का येतो याचं कारण कोलमन. पार्टीनंतर त्या रिकाम्या घरात त्याच्याशी माणसासारखं बोलणारा तोच एक असतो.

ड्यूक भाऊ कसे आहेत ते दाखवायला एकच छोटा प्रसंग पुरतो. क्लबमध्ये एझ्रा नावाचा म्हातारा नोकर आहे, वर्षानुवर्षं त्यांची सेवा करणारा. नाताळची बक्षिसी म्हणून रँडॉल्फ त्याच्या हातावर पाच डॉलर ठेवतो. एझ्रा म्हणतो, पाच डॉलर! सिनेमा बघेन, एकटाच. आणि मॉर्टिमर आवर्जून सांगतो, यातले अर्धे माझे. नाताळातच माणूस माणसाला काहीतरी देतो, आणि या दोघांना देतानासुद्धा हिशेब ठेवायचा आहे. दुसऱ्या एका ठिकाणी एक भाऊ म्हणतो, आई तुला हावरट म्हणायची. दुसरा म्हणतो, ती ते कौतुकाने म्हणायची.

पैज किती रकमेची, हे आपल्याला बराच वेळ सांगितलेलं नसतं. 'नेहमीची रक्कम' एवढंच. ते कळतं स्वच्छतागृहात, जिथे व्हॅलेंटाइन आत बसलेला असतो आणि दोघे भाऊ बाहेर बोलतात. एक डॉलर. दोन माणसांची आयुष्यं उलटीपालटी केली, एकाची अब्रू घेतली, आणि बाजी एक डॉलरची. तिथेच मॉर्टिमर, काळ्या माणसासाठी शिवीसारखा वापरला जाणारा शब्द उच्चारून, म्हणतो की आपल्या घराण्याची पेढी असल्या माणसाच्या हातात द्यायची माझी इच्छा असेल का. रँडॉल्फही त्याला दुजोरा देतो. व्हॅलेंटाइनने पेढीला फायदा करून दिला, भाव अचूक सांगितला, तरी तो त्यांच्यासाठी पैजेतली सोंगटीच राहिला. माणूस रक्ताने घडतो की परिस्थितीने, या वादाचं उत्तर पैजेने दिलेलं असतानाही ते उत्तर मान्य करायला भाऊ तयार नाहीत. परिस्थिती बदलून माणूस बदलला, हे त्यांनी स्वतः बघितलं, एक डॉलर दिला-घेतला, आणि वर्ष बदललं की त्याला परत रस्त्यावर सोडायचं ठरवलं.

मार्क ट्वेनची १८९३ ची एक कथा आहे: लंडनमध्ये दोन श्रीमंत भाऊ एका निष्कांचन माणसाच्या हाती दहा लाख पाउंडांची नोट देतात आणि त्याचं काय होतं यावर पैज लावतात. तो माणूस नोट मोडत नाही; ती हातात आहे एवढ्यावर सगळं शहर त्याला उधार देतं. 'ट्रेडिंग प्लेसेस' याच कल्पनेची दुसरी बाजू दाखवतो. नोट काढून घेतली की शहर काय करतं?

आता संत्र्याच्या रसाकडे येऊ. अमेरिकेत गोठवलेल्या संत्र्याच्या रसाच्या अर्काचे वायदे १९६६ पासून न्यूयॉर्कमध्ये चालतात. एक सौदा १५,००० पौंड घन पदार्थाचा, भाव सेंटमध्ये, दर पौंडाला. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली की पीक जातं आणि भाव भडकतो. पीक चांगलं आलं तर भाव कोसळतो. म्हणून कृषी खात्याचा पीक अंदाज जाहीर होण्याआधी ज्याला तो कळेल, त्याचं सोनं. ड्यूक भावांनी बीक्सला पैसे देऊन तो अहवाल आधी मिळवायची व्यवस्था केली आहे. स्वच्छतागृहातलं बोलणं ऐकलेला व्हॅलेंटाइन ल्युइसला जाऊन मिळतो, आणि मग कोलमन, ओफिलिया, ल्युइस आणि व्हॅलेंटाइन मिळून रेल्वेगाडीत खरा अहवाल ताब्यात घेतात आणि भावांपर्यंत खोटा पोहोचवतात: थंडीने पीक गेलं.

मग बाजार उघडतो. ड्यूकचा माणूस खरेदी सुरू करतो. बाकीच्यांना दिसतं, ड्यूक घेताहेत, म्हणजे त्यांना काहीतरी माहीत आहे, आणि सगळे घ्यायला धावतात. भाव १०२ सेंटवरून १४२ पर्यंत चढतो. तिथे ल्युइस आणि व्हॅलेंटाइन ओरडून विकायला लागतात: एप्रिलची विक्री, १४२ ला. त्यांच्याकडे विकायला रस नाही. वायद्यात तो लागत नाही. एप्रिलमध्ये देईन असं वचन विकायचं, आणि त्याआधी स्वस्तात परत घेऊन सौदा काटायचा. मंदीवाला, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारा, असंच काम करतो. मग कृषिमंत्री टीव्हीवर सांगतात की थंडीचा पिकावर परिणाम झालेला नाही. बाजार कोसळतो. सगळे विकताहेत, ड्यूकचा माणूस गर्दीत अडकलाय, घेणारं कुणी नाही. भाव २९ सेंटवर आल्यावर ल्युइस आणि व्हॅलेंटाइन तीच वचनं परत विकत घेतात. १४२ ला विकलं, २९ ला घेतलं, पौंडाला १.१३ डॉलर सुटले. एका सौद्यावर १६,९५० डॉलर. असे किती सौदे केले असतील ते तुम्ही मोजा.

प्रत्यक्षात एका दिवसात एवढी पडझड होऊ शकत नाही, कारण भाव दिवसात किती हलू शकतो याची बाजाराने मर्यादा घातलेली असते आणि मर्यादा गाठली की व्यवहार थांबतो. तेवढी सूट चित्रपटाने घेतली आहे. पण माणसं कशी वागतात, ते अगदी बरोबर दाखवलंय. सगळे ड्यूककडे बघून घेतात, आणि नंतर सगळे एकमेकांकडे बघून विकतात. आमच्या मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात १९९५ पर्यंत सौदे असेच तोंडी, आरोळ्या देऊन होत असत. शब्द दिला की सौदा झाला, कागद नंतर. ज्यांनी ते रिंगण पाहिलंय त्यांना या प्रसंगातला घाम ओळखीचा वाटतो. पुढे संगणक आले, आणि मार्जिन आपोआप मोजलं जाऊ लागलं.

शेवटी बाजाराचे अधिकारी ड्यूक भावांसमोर उभे राहतात: मार्जिन भरा. ३९ कोटी ४० लाख डॉलर. रोखीत एवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत. बाजारातली त्यांची सदस्यत्वं विकायला काढा, पेढी जप्त करा, वैयक्तिक मालमत्ता जप्त करा. १९८३ च्या प्रेक्षकाला हे नवं नव्हतं. तीनच वर्षांपूर्वी, जानेवारी १९८० मध्ये, टेक्सासच्या हंट भावांनी चांदी साठवून साठवून भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात नेला होता, आणि २७ मार्चला तो ११ डॉलरच्या खाली गेला तेव्हा त्यांना मार्जिन भरता आलं नव्हतं.

मार्जिन कॉलच्या क्षणी माझी नजर नेहमी दुसरीकडे असते. रँडॉल्फ छाती धरून कोसळतो. कुणीतरी म्हणतं, तुमच्या भावाला बरं नाही, रुग्णवाहिका बोलवू या. मॉर्टिमर त्याला शिवी हासडतो आणि यंत्रं चालू करा, बाजार पुन्हा चालू करा म्हणून ओरडत सुटतो. सगळं आयुष्य एका पेढीवर एकत्र काढलेले सख्खे भाऊ, आणि शेवटच्या क्षणी एकाला दुसऱ्यापेक्षा टिकरवरचा, म्हणजे भाव दाखवणाऱ्या पट्टीवरचा, आकडा जवळचा. मार्जिन कॉल घेणारे, पैसे न भरू शकणारे बरेच लोक मी पाहिलेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचं पहिलं बोलणं घरच्यांबद्दल असतं: बायकोला कसं सांगू, वडिलांनी जामीन दिलाय त्यांचं काय. मॉर्टिमरच्या तोंडी तसं काहीच येत नाही, आणि त्याचं दिवाळं निघालंय ते तिथेच.

आणि त्याच वेळी पलीकडे कोण आहे? सौद्याला भांडवल लागतं, निदान मार्जिनपुरतं तरी. ते कुठून आलं? कोलमनची जन्मभराची बचत, आणि ओफिलियाचे ते ४२ हजार. न्यूयॉर्कला निघताना कोलमन पैसे देतो आणि बजावतो, हे गमावू नका. ओफिलियाही देते. एक बटलर आणि एक वेश्या, दोघांनी आपल्या म्हातारपणाची सोय अशा दोन माणसांच्या हाती दिली ज्यांच्याकडे ना नोकरी, ना घर, ना प्रतिष्ठा. कसलीही लेखी हमी नाही. बँकेला, क्लबला, होणाऱ्या बायकोला जे जमलं नाही, ते या दोघांनी केलं. फिलाडेल्फियातली सगळ्यात मोठी कमोडिटी पेढी बुडाली ती बटलर आणि वेश्येच्या बचतीने. दोन हुशार व्यापाऱ्यांची हुशारी तिथे नुसती वापरली गेली. मला हा चित्रपट आवडण्याचं खरं कारण हेच आहे.

कोलमनबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. डेनहोम एलियटने ही भूमिका केली, आणि त्याला आणि कर्टिसला दोघांनाही सहाय्यक भूमिकांसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. ल्युइस श्रीमंत असताना कोलमन त्याच्या लेखी भिंतीवरच्या चित्रासारखा होता: रोज समोर, पण बघितलं कधी नाही. ल्युइस आत्महत्येचा प्रयत्न करतो, आणि मग स्वतःच्याच पलंगावर, स्वतःच्याच घरात जागा होतो तेव्हा सगळं स्वप्न होतं असं त्याला वाटतं. मग त्याला बिछान्याजवळ व्हॅलेंटाइन दिसतो. काही वेळाने तो बंदूक साफ करत ड्यूक भावांना गोळी घालायच्या गोष्टी बोलतो. व्हॅलेंटाइन म्हणतो, श्रीमंताला दुखवायचं तर त्याला गरीब करावं. आणि कोलमन, अत्यंत अदबीने, म्हणतो की साहेब, तुम्हालाही ते मुळीच आवडलं नव्हतं. एवढंच. त्यात उपदेश नाही, टोमणा नाही. पहिल्यांदाच तो ल्युइसशी ल्युइसबद्दल खरं बोलतो, आणि ल्युइस ते ऐकून घेतो. मग चौघे एका टेबलावर बसून नाश्ता करतात. आधी त्या टेबलाशी एकच माणूस बसायचा आणि एकजण वाढायचा.

आता न टाळता सांगायच्या दोन गोष्टी. शेवटचा सौदा चोरलेल्या माहितीवर केलेला आहे, हे खरं आहे. हे प्रामाणिकपणाचं चित्र नाही. १९०५ मध्ये अमेरिकेत कृषी खात्यातल्याच एका सांख्यिकी अधिकाऱ्याने कापसाचा पीक अंदाज सट्टेबाजांपर्यंत पोहोचवल्याचं प्रकरण गाजलं होतं, त्यामुळे सरकारी अहवाल जाहीर होईपर्यंत कुलूपबंद ठेवण्याची शिस्त जुनी आहे. पण गळतीची सरकारी माहिती वापरून कमोडिटीत सौदा करायला स्पष्ट बंदी चित्रपटाच्या वेळी नव्हती. ती २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याच्या ७४६ व्या कलमाने आली. त्या वेळचे कमोडिटी नियामक आयोगाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी याच चित्रपटाचा दाखला दिला होता, म्हणून त्या कलमाला सर्रास 'एडी मर्फी नियम' म्हणतात. चित्रपट या चौघांना साधू करत नाही. ड्यूक जे करणार होते तेच ते करतात. फरक इतकाच की त्यात त्यांनी स्वतःची बचत लावली आणि एकमेकांचा विश्वास मोडला नाही. हा फरक नैतिक दृष्ट्या पुरेसा आहे का? माझ्या मते पुरेसा नाही, आणि चित्रपटही तसं म्हणत नाही.

दुसरी गोष्ट रेल्वेगाडीतला भाग. अॅक्रॉइड तोंडाला काळं फासून जमैकन माणसाचं सोंग घेतो, आणि बीक्सची शिक्षा म्हणून गोरिलाचा जो विनोद केला आहे, तो बघवत नाही. ज्या चित्रपटाने आताच स्वच्छतागृहात वर्णद्वेषाचं इतकं उघडं रूप दाखवलं, त्यानेच हे करावं, हे मला अजूनही पटत नाही. मुलांसोबत बघणार असाल तर या भागाबद्दल आधी बोलून ठेवा. ओफिलियाचंही तसंच: मन मोठं असलेली वेश्या हा साचा सिनेमाला नवा नव्हता. कर्टिसने तिला डोक्याने हिशेबी केल्यामुळे ती साच्याबाहेर आली.

शेवटी चौघे एका उन्हाळी बेटावर, समुद्रकिनाऱ्यावर. पैसा आहेच, भरपूर आहे. चित्रपटाने पैसा सोडून द्या असं सांगितलेलं नाही, आणि ते बरं केलं. गरिबीचं कौतुक करणारे चित्रपट बनवणाऱ्यांना ती सहन करावी लागलेली नसते. पेढी बुडाल्यावर ल्युइस आणि व्हॅलेंटाइन ड्यूक भावांसमोर आपली पैज मिटवतात: दोघांना एकाच वेळी श्रीमंत होता येईल आणि ड्यूकना कंगाल करता येईल का, आणि पैज एक डॉलरची. तीच रक्कम, पण या वेळी दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल आदर असलेली माणसं.

इटलीत हा चित्रपट अनेक वर्षं दर नाताळच्या पूर्वसंध्येला टीव्हीवर लागतो आणि तिथे तो सणाचा भाग झालाय. १९८८ मध्ये लँडिस आणि एडी मर्फी यांच्या 'कमिंग टू अमेरिका' या चित्रपटात ड्यूक भाऊ पुन्हा एकदा क्षणभर दिसतात: न्यूयॉर्कच्या फुटपाथवर, बेघर. एडी मर्फीचाच आफ्रिकन राजपुत्र जाता जाता त्यांच्या हातात नोटांची पिशवी ठेवतो, आणि दोघांना लगेच वाटतं की आपले दिवस परत आले. ज्या मॉर्टिमरने भावासाठी रुग्णवाहिका बोलवायला नकार दिला, तो त्याच भावाशेजारी त्या फुटपाथवर बसलाय. पेढी, क्लब, बँक सगळं गेल्यावर त्याच्यासोबत उरला तो रँडॉल्फच. पण हातात नोटा आल्यावर पहिला विचार येतो तो पुन्हा धंद्याचा, शेजारच्याचा नाही.